पुराचा हिशेब मांडणारे स्थापत्यविशारद : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कृष्णराजसागर धरण, म्हैसूरचे दिवाणपद आणि तो नीटनेटका म्हैसुरी फेटा उभा राहतो. भारतीय स्थापत्यशास्त्राचे आद्य पुरुष म्हणून त्यांचा गौरव होतो आणि १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या दीर्घ आयुष्यातील एक अध्याय मात्र तुलनेने कमी परिचित आहे. बांध फुटून वाहून गेलेली गावे आणि शहरे त्यांनी पाहिली, त्या विनाशाची कारणे आकड्यांनिशी शोधली आणि नदीला दोन्ही काठांनी भिंत घालणे एवढ्यावर पुराचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी आपल्या योजनांतून मांडले. हैदराबादची मुसी आणि ओरिसाची महानदी या दोन नद्यांशी त्यांचा जो संबंध आला, त्यातून ही दृष्टी स्पष्ट होते. बदलत्या हवामानाच्या आजच्या काळात तिचे मोल वाढले आहे.

बालपण आणि पुण्यातील शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरनजीक मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घराणे मूळचे आंध्रातील मोक्षगुंडम गावचे; तेच नाव कुळाला चिकटले. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. त्यांचे छत्र लवकर हरपले आणि घरची ओढाताण सुरू झाली. बंगळूरला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालू ठेवले. १८८१ साली सेंट्रल कॉलेजमधून ते बी.ए. झाले. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि हा तरुण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी आला.

पुण्यातील ही वर्षे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. १८८३ च्या अखेरच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले. त्या काळी पहिला आलेल्या विद्यार्थ्याला सरकारी नोकरी हमखास मिळत असे. त्यानुसार १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक नाशिकला झाली. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी मराठी मुलखात, गुजरातेत आणि सिंधमध्ये काढली. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना याच काळात लाभला. म्हैसूरचे विश्वेश्वरय्या घडले ते पुण्याच्या वातावरणात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

नदीने दिलेला पहिला धडा

खानदेशात असताना धुळ्याच्या पश्चिमेला दातर्ती गावाजवळ पांझरेच्या पाण्याचा कालवा ओढ्यापलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पात्रात पाया खणला की पावसाचा लोंढा येई आणि खड्डे वाळूने भरून जात. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना त्यात आज्ञाभंगाचा वास आला. तरुण अभियंत्याने मग हट्टाने पुराशी झुंजत ते काम पुरे केले. काम झाले आणि नोकरीही टिकली. नदी आपल्या वेळापत्रकाने चालते आणि माणसाच्या कागदावरील मुदतींशी तिला कर्तव्य नसते, ही जाणीव मात्र त्या उमेदवारीच्या दिवसांतच झाली असावी. त्यांच्या पुढच्या प्रत्येक योजनेत पावसाची नोंद आणि पाण्याचे मोजमाप यांना अग्रस्थान मिळालेले दिसते.

सिंधमधील सक्करचा पाणीपुरवठा, सुरतचे जलकाम, नीरा कालव्यावरील पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत ही त्यांची या काळातील कामे. त्यांत खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचा उल्लेख विस्ताराने करणे आवश्यक आहे. पुण्याजवळ मुठा नदीवर बांधलेल्या खडकवासला धरणाच्या जलाशयास तेव्हा फाइफ तलाव म्हणत. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंचीने पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहराला व कालव्याला पाणी अपुरे पडे. धरणाची भिंत वाढविणे खर्चाचे आणि जोखमीचेही होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसविले की पाणी ठरावीक पातळीला पोहोचले म्हणजे त्याच्याच भाराने ते उघडावेत आणि पातळी उतरली की आपोआप मिटावेत. भिंतीला हात न लावता सुमारे आठ फूट अधिक पाणी साठविता येऊ लागले. या रचनेचे एकस्व त्यांनी घेतले. परंतु आपल्याच खात्याच्या कामासाठी तिचा उपयोग होत असताना मोबदला घेणे त्यांना रुचले नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही ही पद्धत वापरण्यात आली. १९१७ च्या ऑगस्टमधील पुरात तिगरा धरण फुटले आणि नंतर ते पुन्हा उभारावे लागले. पाण्याला वेळीच वाट करून देणे किती निकडीचे असते, हे अशा दुर्घटनांनी पुन्हा पुन्हा बजावले आहे.

हैदराबादचा महापूर

१९०८ साली विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली आणि ते परदेश प्रवासास गेले. वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीच राखून ठेवण्याच्या धोरणामुळे मुख्य अभियंत्याचे पद आपल्या वाट्याला येणार नाही, हे त्यांना उमगले होते. ते युरोपात असतानाच निजाम सरकारची तार त्यांच्या हाती पडली. हैदराबाद शहर मुसीच्या पुराने उद्ध्वस्त झाले होते.

मुसी नदी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि हैदराबाद शहराच्या मधून वाहत जाऊन पुढे कृष्णेला मिळते. शहराच्या पश्चिमेस लंगर हौजजवळ तिला ईसी ही उपनदी येऊन मिळते. एरव्ही ही नदी इतकी क्षीण की उन्हाळ्यात पात्रातून पायी जाता यावे. अशा नदीच्या काठाला लागून घरे, बाजार, वखारी आणि रुग्णालय उभे राहिले होते. १९०८ च्या सप्टेंबरच्या अखेरीस पाणलोट क्षेत्रावर असामान्य वृष्टी झाली. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. २८ सप्टेंबरच्या पहाटे पाणी वेगाने चढू लागले आणि दुपारपर्यंत त्याने शहराचा मोठा भाग व्यापला. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल वाहून गेले. कुतुबशाही काळातील पुराना पूल तेवढा टिकला. कोळसावाडीसारखी दाट वस्ती जवळजवळ पुसली गेली. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला. ते झाड पुढे शहराच्या स्मृतीचा भाग बनले. मृतांचा आकडा सामान्यतः १५,००० च्या आसपास सांगितला जातो, तर सुमारे १९,००० घरे पडली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी राजवाड्यांची दारे निराश्रितांसाठी उघडली आणि नदीचा कोप शांत व्हावा म्हणून तिची पूजाही केली, अशी आठवण हैदराबादेत आजही सांगतात.

तलावांची साखळी का तुटली

१५ एप्रिल १९०९ रोजी विश्वेश्वरय्या हैदराबादला दाखल झाले. शहराच्या पुनर्रचनेबाबत सल्ला देणे, भावी पुरांपासून रक्षणाची योजना आखणे आणि शहरासाठी भुयारी गटारांची संपूर्ण आखणी करणे, अशी तीन कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यांनी प्रथम पुराचा हिशेब मांडण्यास घेतला. पाऊस किती पडला, किती क्षेत्रावर पडला, किती वेळात पडला आणि त्यातील किती पाणी नदीत आले, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज उपायांची चर्चा व्यर्थ, अशी त्यांची धारणा होती. पर्जन्यमापक केंद्रे थोडी आणि नोंदी तुटक असतानाही पुराच्या खुणा, पात्राची रुंदी आणि उतार यांवरून त्यांनी महत्तम प्रवाह काढला. तो सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट भरला.

या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आली. शहराच्या वरच्या अंगाला मुसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैलांचे आणि त्यात लहानमोठे ७८८ तलाव होते. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक तलाव. दख्खनच्या पठारावर शेकडो वर्षे लोकांनी अशी साठवण केली होती. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देई, तो त्याच्या खालच्याला. दुष्काळी मुलखात ही रचना वरदानासारखी होती. मात्र हे बहुतेक तलाव मातीच्या बांधाचे होते आणि त्यांचे सांडवे नेहमीच्या पावसाच्या अंदाजाने ठेवलेले होते. त्या दोन दिवसांत ७८८ पैकी २२१ तलाव फुटले.

मातीचा बांध फुटण्याची प्रक्रिया ध्यानात घेतली म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. दगडी भिंतीवरून थोडे पाणी वाहिले तरी ती बहुधा तग धरते. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की उताराची माती खरवडली जाते, एक लहानशी घळ पडते, घळीतून अधिक पाणी येते आणि घळ आणखी रुंदावते. काही वेळा पाणी माथ्यापर्यंत पोहोचतही नाही. घुशींच्या बिळांतून, मोरीच्या कडेने किंवा सच्छिद्र पायातून पाझर वाहू लागतो, तो मातीचे कण सोबत नेतो आणि बांध आतून पोकळ होतो. वरचा एक तलाव फुटला की त्याचे सारे पाणी एकदम खालच्या तलावावर येते. तो तलाव आधीच तुडुंब असतो. त्याच्या सांडव्याला हा भार पेलत नाही आणि तोही फुटतो. अशा रीतीने पावसाचे पाणी आणि वर्षानुवर्षे जपलेली साठवण ही दोन्ही एकाच वेळी शहरावर कोसळली. जे बांध माणसाच्या जीविकेसाठी घातले होते, त्यांनीच ऐन वेळी पुराची धार वाढविली.

जलाशयाची योजना

१ ऑक्टोबर १९०९ रोजी त्यांनी आपला अहवाल निजाम सरकारला सादर केला. नदीकाठी उंच भिंती बांधाव्यात, हा सर्वांना सुचणारा उपाय होता. विश्वेश्वरय्यांनी काठ उंच करण्याची, ते बांधून काढण्याची आणि त्यांवर रस्ते व बागा करण्याची शिफारस केली खरी, परंतु भिंतींवर सारी भिस्त ठेवली नाही. सव्वाचार लाख घनफुटांचा लोंढा शहराच्या अरुंद पात्रातून केवळ काठ वाढवून नेणे धोक्याचे होते. भिंत जितकी उंच, तितके तिच्याआड साठणारे पाणी अधिक आणि ती फुटली तर होणारा घात तितकाच मोठा. म्हणून शहरात शिरण्यापूर्वीच पुराला थोपवून धरणारी जागा हवी, असा त्यांचा निष्कर्ष होता. शहराच्या वर काही मैलांवर मुसीवर एक आणि ईसीवर एक, असे दोन मोठे जलाशय त्यांनी सुचविले. पुराचे शिखर या जलाशयांत सामावून घ्यावे आणि पाणी खालच्या पात्राला झेपेल अशा बेताने सोडावे, असे या योजनेचे सूत्र होते. हिशेबात त्यांनी १९०८ च्या पावसाहून मोठ्या पावसाचीही तरतूद धरली.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत ही योजना प्रत्यक्षात उतरली. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. मुसीच्या काठी उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालय यांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. जेथे प्रेते वाहून गेली होती, तेथे बागा फुलल्या. या जलाशयांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले. पुढे अनेक दशके हैदराबादकर ज्या पाण्यावर जगले, त्याचा उगम असा एका संकटात होता.

येथेच या योजनेतील एक पेच मनात ठेवावा लागतो. पूर अडविण्यासाठी जलाशयात मोकळी जागा ठेवावी लागते, तर पाणीपुरवठ्यासाठी तो भरलेला असावा लागतो. पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे नेमका १९०८ चा पूर ज्या सुमारास आला त्या दिवसांत, जलाशय भरून घेण्याचा मोह प्रबळ असतो. रिकामी ठेवलेली जागा लोकांना वाया गेल्यासारखी वाटते. पूर न येता दहावीस वर्षे गेली की तिचे प्रयोजनच विसरले जाते.

म्हैसूरचे दिवाणपद

हैदराबादचे काम आटोपून १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. कृष्णराजसागराचे काम, म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) आणि बंगळूर व म्हैसूर येथील सार्वजनिक ग्रंथालये ही त्यांच्या कारकिर्दीची फळे सर्वज्ञात आहेत. सरकारी नोकऱ्यांतील ब्राह्मणेतरांच्या राखीव जागांच्या प्रश्नावर त्यांचे महाराजांशी मतभेद झाले आणि ते पदावरून दूर झाले. गुणवत्तेविषयीचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता, तथापि शिक्षणापासून शतकानुशतके वंचित राहिलेल्या समाजाची निकड त्यांना तितकीशी जाणवली नाही, हेही नमूद करणे इतिहासाला धरून होईल.

महानदीचे तट

१९३७ साली ओरिसात महानदीला मोठा पूर आला. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. महात्मा गांधींच्या विनंतीवरून त्यांनी पूरग्रस्त भागाची पाहणी केली आणि आपली निरीक्षणे व सूचना सरकारपुढे ठेवल्या.

महानदीचा प्रश्न मुसीहून निराळा होता. कटकच्या खाली ही नदी अनेक फाट्यांनी समुद्राकडे जाते आणि तिचा सारा त्रिभुज प्रदेश तिने आणलेल्या गाळानेच घडलेला आहे. नदी काठ ओलांडून पसरत होती, तोवर गाळही पसरत होता आणि जमीन हळूहळू उंचावत होती. एकोणिसाव्या शतकात पिकांच्या आणि सरकारी महसुलाच्या रक्षणासाठी फाट्यांच्या काठाने मातीचे लांबच लांब तट घालण्यात आले. तटांच्या आत कोंडलेल्या नदीचा गाळ पात्रातच बसू लागला. पात्र उथळ झाले, पुराची पातळी वर चढली, म्हणून तट आणखी उंच केले गेले. एका बाजूचा तट मजबूत केला की पाण्याचा मारा समोरच्या बाजूवर येई. तट फुटला म्हणजे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट त्याच तटाने अडविलेली असे आणि आठवडेच्या आठवडे शेते पाण्याखाली राहत. १९२८ साली सरकारने नेमलेल्या पूर समितीनेही याच तटांवर दोषारोप केला होता आणि पूर अडविण्यापेक्षा तो लवकर समुद्राकडे जाऊ द्यावा, असे मत दिले होते.

विश्वेश्वरय्यांनी या वादात आपली नेहमीची भूमिका घेतली. तट हवेत की नकोत हे भावनेने ठरविण्यापूर्वी संपूर्ण नदीचे, उगमापासून मुखापर्यंत, सर्वेक्षण झाले पाहिजे. पाऊस आणि प्रवाह यांच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या पाहिजेत. आणि त्रिभुज प्रदेशातील पुराचे उत्तर वरच्या खोऱ्यातील जलाशयांत शोधले पाहिजे, अशी त्यांच्या सूचनांची दिशा होती. मुसीच्या काठी जे सूत्र त्यांनी मांडले होते, तेच येथे कितीतरी मोठ्या परिमाणावर आले. त्यांच्या सूचनेची परिणती पुढे हिराकुड धरणात झाली. १३ जानेवारी १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खालच्या प्रदेशाच्या या रक्षणासाठी वरच्या भागातील सुमारे लाखभर माणसांना आपली घरे आणि शेते सोडावी लागली. पुराच्या हिशेबात हा खर्चही मांडलाच पाहिजे.

हिराकुडमुळे पुरांचे प्रमाण घटले, पण ते नाहीसे झाले नाहीत. महानदीचे खोरे सुमारे १,४१,६०० चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातील सुमारे ८३,४०० चौरस किलोमीटर क्षेत्राचेच पाणी हिराकुडला येते. उरलेल्या क्षेत्रावर पडणाऱ्या पावसावर धरणाचा ताबा नाही. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये मोठी वृष्टी झाली आणि महानदीच्या फाट्यांचे तट ठिकठिकाणी फुटले. धरण आपल्या अंगणात येणारे पाणीच अडवू शकते, ही साधी गोष्ट त्या वर्षी हजारो गावांनी अनुभवली.

उत्तरायुष्य

वयाच्या नव्वदीनंतरही विश्वेश्वरय्यांचे काम थांबले नाही. बिहारमध्ये गंगेवरील मोकामा पुलाची जागा ठरविण्याच्या कामी या वयातही त्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. पोशाखातील काटेकोरपणा, वक्तशीरपणा, सरकारी साधने खाजगी कामासाठी न वापरण्याचा कटाक्ष यांविषयीच्या अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. त्या साऱ्यांच्या मुळाशी एकच वृत्ती दिसते : प्रत्येक गोष्टीचा चोख हिशेब.

ते शंभरीच्या उंबरठ्यावर असताना, १२ जुलै १९६१ रोजी, त्यांच्या शिक्षणाच्या आणि उमेदीच्या शहरावर अरिष्ट कोसळले. मुठेच्या खोऱ्यातील पानशेत हे मातीचे धरण काम पूर्ण व्हायच्या आतच पावसाळ्यात भरू देण्यात आले होते. पाणी सोडण्याच्या भुयाराची रचना कमकुवत ठरली, त्यावरचा भराव खचला आणि धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती पाण्यात गेली. ज्या सांडव्यावर साठ वर्षांपूर्वी विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसविले होते, तेच हे धरण. खालच्या धरणाची व्यवस्था कितीही चोख असली तरी वरचा बांध फुटल्यावर ती अपुरी पडते, हा १९०८ च्या तलावांचा धडा पुण्याने अशा दारुण रीतीने पुन्हा गिरवला. पुढच्याच वर्षी, १९६२ च्या एप्रिलमध्ये, बंगळूर येथे विश्वेश्वरय्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळीला त्यांची समाधी आहे.

आजच्या संदर्भात

विश्वेश्वरय्यांच्या पूरविषयक कार्याचे मोल ठरविताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कोणताही तट, बांध किंवा सांडवा हा भूतकाळातील पावसाच्या नोंदींवर आखलेला असतो. इतका पाऊस यापूर्वी पडला आहे, त्याहून थोडा अधिक पडेल असे धरू, या विचाराने अभियंता उंची ठरवितो. विश्वेश्वरय्यांनीही तसेच केले. फक्त त्यांनी नोंदी अधिक कसून तपासल्या आणि तरतूद अधिक सढळ ठेवली. परंतु आता खुद्द पावसाचीच रीत बदलत आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि ते बाष्प मोजक्या दिवसांत कोसळते. मध्य भारताच्या विस्तीर्ण पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे संशोधकांना आढळले आहे. जुन्या नोंदींवर बेतलेले सांडवे अशा पावसाला तोकडे पडू लागतात. शिवाय दीर्घ कोरड्या काळात मातीच्या बांधांना भेगा पडतात आणि पाठोपाठ आलेली मुसळधार वृष्टी त्याच भेगांतून आत शिरते.

हैदराबादने याचा प्रत्यय घेतला आहे. १३ ऑक्टोबर २०२० रोजी घटकेसर परिसरात चोवीस तासांत ३०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू या तलावांचे बांध त्या दिवसांत फुटले आणि सखल वस्त्या पाण्यात गेल्या. हा पाऊस मुख्यतः शहरावर आणि त्याच्या पूर्वेला पडला होता. पश्चिमेकडील उस्मानसागर व हिमायतसागर त्याला अडवूच शकत नव्हते. दरम्यान शहराने तलावांच्या जागा, ओढे आणि मुसीचे पात्रही बळकावले होते. उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या भोवतालच्या दहा किलोमीटर परिसरात बांधकामावर निर्बंध घालणारा १९९६ चा शासकीय आदेश २०२२ मध्ये उठविण्यात आला, तेव्हा त्यावर मोठे वादंग माजले. या वादाच्या मुळाशी पाण्यासाठी राखलेल्या जागेचाच प्रश्न होता.

विश्वेश्वरय्यांनी दिलेल्या उपायांना मर्यादा होत्या आणि त्या काळाने दाखवून दिल्या. मोठ्या जलाशयांनी माणसे विस्थापित केली, आणि जलाशय असूनही तट फुटत राहिले. त्यांची कार्यपद्धती मात्र जुनी झालेली नाही. आधी मोजावे, मग बांधावे. एका बांधाचा विचार करताना साऱ्या खोऱ्याचा विचार करावा. पुराला जागा राखून ठेवावी आणि ती जागा सुखाच्या दिवसांतही मोडू नये, हा त्यांच्या अहवालांचा गाभा आहे. १९०९ साली त्यांनी मुसीचा जो हिशेब मांडला, तो त्या वेळच्या पावसाचा होता. आता पाऊस बदलला असल्याने तो हिशेब नव्याने मांडणे हे पुढच्या पिढ्यांच्या अभियंत्यांचे, आणि त्यांना तो मांडू देणे हे नदीकाठच्या नागरिकांचे कर्तव्य आहे.